झुंबरबाईचं विसण

सोनईत बाळंतिणीचं घर म्हटलं की झुंबरबाई हवीच. पाटावर पाय पसरून बसायची, बाळाला नडग्यांवर पालथं टाकायची, घंगाळातल्या कढत पाण्यात गार पाण्याचं विसण ओतायची आणि उजवा हात बुडवून म्हणायची, “बास!” तो तिचा हात म्हणजे शेवटचा शब्द. बाळाची आई घाबरली तर तिलाच दटावायची, “गप गं! तू बी अशीच बोंबलत हुतीस याच पायांवर.”

गेली दोन वर्षं ती चुलीवरची पातेली फडक्याशिवाय उतरवायची. बायका म्हणत, “बाई, तुमचा हात इस्तवाला भीत न्हाई!” झुंबरबाई फुशारून जायची. मनगटावर फिकट चट्टा होता, बोटांना फोड यायचे, पण दुखायचं नाही. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दवाखान्यात कोण जातंय हो?

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर तिची लेक विजयमाला बाळंतपणाला आली. मुलगी झाली. बाराव्या दिवशी झुंबरबाईनं विसण घातलं, हात बुडवला, “बास” म्हणाली आणि नातीच्या पाठीवर तांब्या ओतला.

पोर अशी किंचाळली की विजयमाला बाजेवरून धावत आली. तिनं घंगाळात बोट घातलं आणि झटक्यात काढलं. “आये, कढत हाय गं पानी!”

झुंबरबाईचा हात अजून त्याच पाण्यात होता.

पोरीला घेऊन दोघी श्रीरामपूरच्या दवाखान्यात धावल्या. पाठीला मलम लावल्यावर डॉक्टरांची नजर झुंबरबाईच्या लालबुंद हाताकडे गेली. त्यांनी तिला डोळे मिटायला लावले, मनगटाला दोन काचेच्या नळ्या टेकवल्या. “गरम कोणती?”

“दोनी सारख्याच की.”

“आजी, हा महारोग. चामडीतल्या नसा मारतो. आधी ऊन-गार कळेनासं होतं, मग टोचलेलं, शेवटी शिवलेलंही. गोळ्यांनी रोग थांबेल. गेलेलं मात्र बहुधा परत येत नाही.”

“माझं जाऊ द्या. नातीला झाला का?”

“नाही. तिची पाठ फक्त भाजलीय. बरी होईल.”

पाठ बरी झाली, पण झुंबरबाईनं पुन्हा कुणाचं बाळ पायांवर घेतलं नाही. कुणी बोलावलंही नाही. नातीला तर तिनं हात लावणंच सोडलं. लेक समजूत काढायची, “आये, तू मुद्दाम केलं व्हय?” त्यानं झुंबरबाईला उलट जास्तच रडू यायचं. गोळ्या तिनं नेमानं घेतल्या, पण रोग थांबेस्तोवर त्या हाताची जाण पार गेली.

सव्वा वर्षानं, संक्रांतीला लेक माहेरी आली. पोर चालायला लागली होती. झुंबरबाई दारात उभी राहून शेजारणीशी बोलत होती.

“आये,” विजयमाला मागून म्हणाली, “कवाधरनं तुझं बोट धरून हुबी हाय ती. बोल की तिच्याशी.”

झुंबरबाईनं खाली पाहिलं. पोरीनं तिचं उजवं बोट मुठीत घट्ट धरलं होतं. म्हातारीला हुंदका आवरेना. “मला कळलंच न्हाई गं बाय,” ती म्हणाली. “धर, सोडू नगंस. मी बघतीया.”