चौकात बसायची परवानगी

माझे बाबा दत्तोपंत रायपूरच्या वाहतूक पोलिसात हवालदार होते. तीस वर्षं त्यांनी चौकात उभ्यानं काढली. डबासुद्धा उभ्यानंच. आई सदर बाजारच्या तोंडाशी डबा घेऊन जायची आणि बाबा एका हातात पोळीची गुंडाळी धरून दुसऱ्या हातानं गाड्या थांबवायचे. निवृत्तीनंतर मी विचारलं, कुठं जायचं? काशी? रामेश्वर?

"क्षमा पोरी, मले असा चौक दाखव, जिथं निवांत बसता येईन."

मग काय, आई-बाबांना घेऊन थेट चौकांचं शहर रोमच गाठलं! राजे, कारंजी, पुतळे, सगळं मी पाठ करून गेले होते. बाबांना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं.

पहिल्याच सकाळी स्पॅनिश पायऱ्यांचा चौक. "अवं, काढ डबा!" असं आईला म्हणत बाबा आनंदानं पायरीवर टेकले, तोच पोलिसाची शिट्टी! बाबा ताडकन उठले आणि त्या इटालियन पोलिसाला कडक सॅल्यूट ठोकला. तो हसला, पण बोट हलवून नाही म्हणाला. त्या पायऱ्यांवर बसायला बंदी आहे हे मी वाचलं होतं आणि साफ विसरले होते. चूक माझी, वर चिडलेही मीच.

त्यानंतर बाबा कुठंच टेकेनात. पोपोलोच्या चौकात माणसं ऐसपैस बसलेली आणि हे आपले खांबासारखे उभे. "शिट्टी वाजंन नं!" सात समुद्र ओलांडून आणलं, तर हा माणूस इथंही ड्यूटीवर! मला रडूच यायला लागलं. दुसऱ्या दिवशी परतीचं विमान होतं.

शेवटच्या संध्याकाळी नवोना चौक. केवढा लांबलचक! तीन कारंजी आणि गाडी एकही नाही! आईनं दगडी बाकावर बसून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या.

"काहून उभे हाव? बसा नं जी!"

समोरून एक पोलीस येत होता. बाबांनी आधी बाकाकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. पोलीस थांबला. त्यानं बाकाच्या दिशेनं हात पुढं केला आणि तळवा वळवून 'चला, पुढं व्हा' अशी खूण केली. बाबा तीस वर्षं दुसऱ्यांना करत आले, अगदी तीच.

बाबा बसले. दोन्ही हातांनी पुरी तोडली.

"सावकाश खा," आई म्हणाली. "मागून कोणी हॉर्न नाही देऊन राह्यलं."