नो कम्प्लेंट, सर

दाजी मंगळवारी सकाळी गेले. चहा झाला होता, पेपर यायचा होता.

ते माझ्या बहिणीचे यजमान. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि अहमदपूरला घर बांधून राहिले. कागदोपत्री त्यांच्याइतका निरोगी माणूस उभ्या मराठवाड्यात झाला नसेल. लातूरच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यातली त्यांची वही मी पाहिली आहे. पानामागून पान रक्तदाब असा की तालमीतल्या पोराने लाजावं. त्या वहीवर विश्वास ठेवायचा तर दाजी आज जिवंत असायला हवेत.

याचं कारण असं की दर महिन्याची तपासणी ही त्यांच्या लेखी तपासणी नव्हती, इन्स्पेक्शन होतं. चार दिवस आधीपासून घरात मीठ बंद व्हायचं, ठेच्याचा वाडगा ताईच्या ताब्यात जायचा, पहाटे मोंढ्यापर्यंत चालणं सुरू व्हायचं आणि गोळ्या घड्याळाच्या ठोक्याला पोटात जायच्या. लातूरहून परत आले की स्टँडसमोरच्या गाड्यावर मिरचीभजी खाऊन हा बंदोबस्त उठवला जाई, आणि गोळ्या पुढच्या महिन्यापर्यंत डब्यात विश्रांती घेत. मी एकदा भीतभीत म्हणालो, गोळ्या रोज घ्यायच्या असतात. "मास्तर," ते म्हणाले (मी कंधारच्या शाळेत ग्रंथपाल होतो, पण दाजींच्या मते शाळेत असणारा प्रत्येक जण मास्तरच), "सायेब यायच्या आधी बॅरेक चमकवायची असती. रोजच चमकवली तर सायबाला काय दिसनार?"

दवाखान्यात जायचं तर दाढी गुळगुळीत, बूट आरशासारखे, कोट अंगात, मे महिन्यातही. तिथे पोचले की पाच मिनिटांत रांगेचा ताबा त्यांच्याकडे. त्यांनी म्हाताऱ्यांचे तीन गट पाडले होते: गुडघे, साखर आणि बाकीचे. कुणा जवानाच्या विधवेची दम्याची औषधं आली नसली की खिडकीवरच्या माणसाची धडगत नसे. "वरून सप्लाय नाही, सुभेदारसाहेब," तो बिचारा म्हणायचा. "मग वर कळवा की! तवर बाईनं काय श्वास घ्यायचा थांबवायचा का?" अशा भांडणांतून त्यांनी किती जणांची औषधं, किती जणांच्या मोठ्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या सोडवल्या, याची मोजदाद नाही. स्वतःचा नंबर आला की मात्र हाच माणूस आत जाऊन टाचा जुळवायचा. डॉक्टर सैन्यातून निवृत्त झालेले कॅप्टन, वयाने दाजींच्या मुलासारखे. ते विचारायचे, "काही तक्रार?" आणि छताला हादरा बसेल असं उत्तर यायचं, "नो कम्प्लेंट, सर!" अफसरापुढे रडगाणं गायचं नसतं, हे त्यांना अठराव्या वर्षी शिकवलं होतं, आणि ते विसरायला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा छातीची ईसीजीची पट्टी काढायला त्यांना आडवं केलं तर ते आडवेच सावधानमध्ये. नर्सबाई म्हणाली, "काका, अंग सैल सोडा." दाजी म्हणाले, "विश्राम म्हना, मग सोडतो." जाताना अभिप्रायाच्या वहीत ते वळणदार अक्षरात लिहीत: सेवा उत्तम. दवाखान्याचं नाव वर चांगलं असेल, तर त्यात दाजींच्या अक्षराचा वाटा मोठा आहे.

गेल्या दिवाळीनंतर दाजी जिन्यात थांबू लागले. विचारलं तर म्हणत, बाहेरचं झाड बघून राहिलो. ताईने मला फोन केला.

"जिन्यात कुठलं झाड रे? छातीत जड होऊन राहिलंय त्यांच्या. रात्री उठून बसतेत. त्या डॉक्टरला हे सांगनार न्हाईत. तू जा संगं आन् सांग. तू शिकलेला हाईस."

मी गेलो. बसमध्ये दाजींनी मला खिडकीची जागा दिली. दवाखान्यात त्यांनी नेहमीसारखी रांग लावली, दोघांची भांडणं सोडवली, मग आम्ही आत गेलो. टाचा जुळल्या. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला. तो अर्थातच उत्तम होता. पण डॉक्टर चांगले होते, त्यांनी पेन बाजूला ठेवलं नाही. म्हणाले, "सुभेदारसाहेब, दम लागतो का? छातीत काही? असेल तर हृदयाच्या दवाखान्याची चिठ्ठी आत्ता लिहून देतो."

"नो कम्प्लेंट, सर!"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मेहुणा."

"घरी ठीक असतात ना हे?"

दाजी समोरच्या भिंतीकडे पाहत ताठ उभे होते. त्यांच्या हनुवटीखालची शीर उडत होती. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी आयुष्यभर पुस्तकं रांगेत लावली, मोठ्याने बोलायचा प्रसंग मला फारसा आला नाही.

"हो," मी म्हणालो. "ठीक असतात."

परतीच्या बसमध्ये दाजींनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "शाब्बास, मास्तर. तुम्ही फौजेत पायजे होता." एवढी शाबासकी मला कुणी कधी दिली नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं.

घरी ताई दारातच उभी होती. दाजी बूट काढायला आत गेले तसं तिने हळूच विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"बघू म्हणाले."

त्यानंतर दाजी दीड महिना होते.

आता ताईच्या गुडघ्यांसाठी आम्ही दोघं महिन्यातून एकदा लातूरला जातो. तिचं सगळं दुखणं ती डॉक्टरांना सांगते, पण त्यांच्या तोंडाकडे बघत नाही. बाहेर आलो की म्हणते, "तू येवढं समजावून सांगितलंस ह्या डॉक्टरला, तरी यानं चिठ्ठी दिली न्हाई." डॉक्टर तिला दर वेळी आपुलकीने विचारतात, आणि दर वेळी ती त्यांना माफ करत नाही.

मी तिला अजून सांगितलेलं नाही.