मधलं नाव

फॉर्म तपासण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. वडील नगरच्या मिशन शाळेत हेडमास्तर, त्यामुळे दाखले, हजेरीपट आणि निकालपत्रकं यांच्यातच मी लहानाची मोठी झाले. पुढे पुण्याला विद्यापीठाच्या परीक्षा विभागात सहा वर्षं काढली. मुलं फॉर्ममध्ये काय वाट्टेल ते भरतात. नावाच्या जागी आडनाव, आडनावाच्या जागी गाव. मी लाल पेन घेऊन बसायचे, चुकीच्या जागी पडलेल्या शब्दावर रेघ मारायचे आणि बाण काढून तो योग्य रकान्यात नेऊन ठेवायचे. माझा बाण विभागात प्रसिद्ध होता. लंडनला आले ती ही सवय घेऊनच.

नोकरी चर्चच्या ओळखीतून मिळाली. अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती विद्यापीठाने दक्षिण लंडनमध्ये छोटी शाखा काढली होती, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या लोकांसाठी. ईश्वरविज्ञान, शिक्षणशास्त्र आणि समुपदेशन अशा तीन पदव्या, तिन्ही स्पॅनिशमधून. जागा म्हणजे गालिच्यांच्या दुकानावरचे दोन मजले. विद्यार्थी बहुतेक चाळिशीकडे झुकलेले. पहाटे ऑफिसं झाडायची, दुपारी कुणाची तरी मुलं सांभाळायची आणि संध्याकाळी सहाला वर्गात येऊन बसायचं, असा त्यांचा दिवस. जिन्यातून ते वर गेले की मागे फरशी पुसायच्या औषधाचा वास राहायचा. शिकवणारे आणि शिकणारे एकमेकांना भाऊ-बहीण म्हणत, त्यामुळे आडनाव कुणाला लागायचंच नाही. ते फक्त मला लागायचं, कारण सगळं रेकॉर्ड ठेवणारी मी एकटी.

संचालक इंग्रज होते. चर्चमधले निवृत्त पाळक, म्हणजे धर्मगुरू, सभ्य आणि अतिशय सावध. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुम्ही प्रभूकडे कधी वळलात?" आमच्या घराण्यातली ही चौथी पिढी, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण पुढची पाच वर्षं ते माझ्याशी बोलत ते मी कालच बाप्तिस्मा घेतला असावा अशा सुरात. स्पॅनिश त्यांनाही येत नव्हतं आणि मलाही.

माझं वर्क परमिट त्या शाखेच्या नावाने होतं. नोकरी गेली की परमिट गेलं, आणि परमिट गेलं की नवऱ्याचा व्हिसा आणि मुलीची शाळाही. नवरा नगरला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. इथे तो हीथ्रोजवळच्या एका गोदामात खोकी रचत होता. हाउन्सलोच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो आणि तिघांचे पासपोर्ट एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत असायचे. चार वर्षं भरली की कायम राहायची परवानगी मिळायची. माझी चार भरायला महिना राहिला आणि सरकारने चारची पाच केली. त्या दिवशी मी बसमध्ये रडले, लोकांसमोर. पाच वर्षं झाल्यावर अर्जासोबत संचालकांचं पत्र लागणार होतं, की ही बाई आमच्याकडे काम करते आणि पुढेही आम्हाला हवी आहे. त्या एका पत्रापायी मी त्यांना कशालाच नाही म्हणत नसे. कार्पेटवर व्हॅक्यूम फिरवायलाही नाही.

पाच महिने उरले असताना आमची पहिली तुकडी पदवीधर झाली. पदव्या अमेरिकेत छापून, गोल नळकांड्यात गुंडाळून आल्या होत्या. शनिवारी समारंभ झाला. बोलिव्हियाची एक बाई होती, समुपदेशनाची. चार वर्षांत तिने एकही तास बुडवला नव्हता, आणि दर नाताळला माझ्या टेबलावर घरी केलेला गोड पाव ठेवून जायची. पदवी हातात घेतल्यावर तिने आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि ती क्षणभर थांबली. तिला भरून आलं असेल, असं मला वाटलं.

दोन आठवड्यांनी ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली, कोटही न काढता. एका वृद्धाश्रमात तिला समुपदेशकाची नोकरी मिळाली होती. विद्यार्थी व्हिसा संपत आला होता, आणि नवा मिळण्यासाठी क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात पदवी दाखवायची होती. काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट आणि पदवी शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि सांगितलं, ही पदवी दुसऱ्या कुणाची तरी आहे. पुढच्या गुरुवारी खुलाशाचं पत्र घेऊन या, नाहीतर अर्ज फेटाळला जाईल.

तिने पासपोर्ट माझ्यापुढे ठेवला. "आडनाव हेच ना, शेवटचं?" मी म्हटलं.

"ते आईचं, सेन्योरा. माझं आडनाव त्याच्या आधीचं. वडिलांचं आधी येतं, मग आईचं."

आपल्याकडे आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. तीन शब्द दिसले की शेवटचा आडनाव आणि मधला बापाचं नाव, हे इतकं अंगवळणी पडलेलं की शंकासुद्धा आली नव्हती. बापाचं नाव आपण एका अक्षरावर आणतो, तसं मी तिच्या वडिलांच्या आडनावाचं एक अक्षर आणि एक टिंब करून टाकलं होतं. एकटीचं नाही. साठ-पासष्ट जणांचं.

"समारंभातच पाहिलंत ना? मग बोलला का नाहीत?" मी विचारलं, तेही चढ्या आवाजात. चूक माझी असली की मला आधी राग येतो.

"वाटलं, इथे असंच करत असतील. डॉक्टरकडे माझं एक नाव आहे, कामाच्या एजन्सीत दुसरं."

कपाटातून तिचा मूळ प्रवेश अर्ज काढला. आडनावाच्या रकान्यात तिने सुरेख अक्षरात दोन्ही आडनावं लिहिली होती. पहिल्यावर माझी लाल रेघ, आणि तिथून मधल्या नावाच्या रकान्यात गेलेला माझा बाण. बाण अगदी सरळ होता.

मला खरी लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. माझ्या पहिल्या परमिटवर कुणीतरी माझ्या वडिलांचं नाव गाळलं होतं. लग्नानंतरही मी ते बदललं नव्हतं. वडील गेल्यावर त्यांचं तेवढंच माझ्याबरोबर इथवर आलं होतं. मी तीन पत्रं लिहिली, फोनवर भांडले आणि नाव परत घालून घेतलं. त्याच आठवड्यांत कधीतरी मी हा बाण काढलेला होता.

मी संचालकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खोलीचं दार लावलं. पुढच्या महिन्यात आमच्या शाखेची तपासणी होती. "चूक आपली असं लिहिलंत तर ते प्रत्येक फाइल उघडतील," ते म्हणाले. "विद्यार्थिनीकडून अर्ज भरताना चूक झाली, असं लिहा. शेवटी गोंधळ तिच्याच नावाचा आहे." मग त्यांनी डोळे मिटून आम्हा दोघांसाठी सुज्ञपणा मागितला, आणि मजकूर सांगितला. मी टाइप केला. खाली सही माझी हवी होती, रेकॉर्ड माझ्याकडे म्हणून.

मी सही केली. हे मी आजवर फार कुणाला सांगितलेलं नाही.

तिने पत्र उभ्यानेच वाचलं. तिचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं, पण वाचायला ती सावकाश आणि नीट वाचायची. "मी चुकीचं भरलं असं लिहिलंय."

"पत्र असंच मिळेल," मी म्हणाले.

"मग ते विचारतील, आणखी काय काय चुकीचं भरलं." तिने पत्राची घडी घातली, पर्समध्ये ठेवलं आणि माझे आभार मानले. ते आभार मला पचले नाहीत.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो मुलीच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होता. "पाच महिने," तो म्हणाला. "फक्त पाच महिने दम धर. एकदा का परमनंट व्हिसा हातात आला, की त्या माणसाला काय सुनवायचं ते सुनव. आय प्रॉमिस, मी स्वतः येईन."

"आणि तिचं काय?"

"तिचं मला वाईट वाटतं गं. पण आपल्या पिशवीत तीन पासपोर्ट आहेत." त्याने स्कर्टची चुणी पुन्हा एकदा दाबली. "माझ्याकडे बघ. मी बोलतो का कधी?"

तो कधी बोलत नसे, हे खरं होतं. चिडायला त्याचं काही चुकलेलंही नव्हतं, म्हणून मी कुकरवर चिडले.

बुधवारी सकाळी मी तिचा अर्ज फोटोकॉपीच्या मशीनवर ठेवला. निदान प्रत तरी द्यावी, असा विचार होता. पण प्रतीत लाल शाई काळी आली. रेघ तिचीच, बाणही तिचाच वाटत होता. खोटं पत्र आणि त्यावर हा पुरावा. मी तिला पुरतीच बुडवायला निघाले होते. द्यायचा तर मूळ कागदच द्यायला हवा होता. तपासणी तोंडावर असताना फाइलमधून मूळ अर्ज बाहेर काढणं म्हणजे काय, हे परीक्षा विभागात सहा वर्षं काढलेल्या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती. पुण्यात मी त्यासाठी एका शिपायाची तक्रार केली होती.

अर्जाच्या मागे मी लाल पेनाने लिहिलं, की ही दुरुस्ती मी केली आहे, विद्यार्थिनीने नाही. तिने नाव बरोबर भरलं होतं. खाली सही केली आणि अर्ज पाकिटात घातला. संध्याकाळी ती वर्गातल्या मैत्रिणींना भेटायला आली तेव्हा तिला जिन्यात गाठलं, आणि पहिलं पत्र फाडून टाकायला सांगितलं.

पाकीट उघडून तिने मागचंही वाचलं. "आणि तुमचं काय, सेन्योरा?" तिने विचारलं.

"वर जा, तुमची वाट बघताहेत," मी म्हणाले.

शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला. तिला व्हिसा मिळाला होता. मी फोन ठेवला आणि तशीच संचालकांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं, कारण फाइलमध्ये मूळ अर्ज नाही हे त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर माझी धडगत नव्हती. "आपण दोघांनी मिळून एक गोष्ट ठरवली होती," ते म्हणाले.

"तुम्ही ठरवली होती. मी टाइप केली," मी म्हणाले.

त्यांनी मला काढलं नाही. तपासणीत कुठला कागद कुठे आहे हे फक्त मलाच ठाऊक होतं. मला काढणं त्यांना जमणारं नव्हतं आणि निघून जाणं मला. आम्ही एकाच मजल्यावर एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणत राहिलो. साठ-पासष्ट जणांना फोन करून, त्यांच्या आईवडिलांची आडनावं विचारून, सगळ्या फायली मी दुरुस्त केल्या. प्रत्येक दुरुस्ती ते स्वतः तपासत. क्रॉयडनहून परत आलेला तो अर्जही फाइलमध्ये गेला. तपासणी पार पडली. नावांबद्दल शेऱ्यात एक ओळ आली, तेवढंच. पण त्यानंतर त्यांनी मला पत्रं टाइप करायला देणं बंद केलं. दार लावून, दोन बोटांनी ते स्वतःच टाइप करत. तो टकटक आवाज मला दिवसभर ऐकू यायचा.

माझ्या पत्राबद्दल विचारलं की म्हणायचे, "बघू या." पाच महिन्यांचे तीन झाले, मग एक. नवरा घरी काही विचारायचा नाही, फक्त माझ्या चेहऱ्याकडे बघायचा. पिशवीतले पासपोर्ट मी उगाचच काढून पुन्हा ठेवायचे. परमिट संपायला आठ दिवस उरले तेव्हा त्यांनी एक पाकीट माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि ते आत गेले.

पत्र चांगलं होतं. प्रामाणिक, कष्टाळू, आम्हाला पुढेही हवी, सगळं होतं. फक्त नावात माझ्या आडनावाचं एक अक्षर आणि एक टिंब उरलं होतं, आणि आडनाव म्हणून माझ्या वडिलांचं नाव घातलं होतं. साठ-पासष्ट फायली तपासून संचालक एक गोष्ट शिकले होते, की परदेशी माणसाचं आडनाव मधलं असतं.

मी पत्र घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेले. आतून टकटक ऐकू येत होती. पुन्हा "बघू या" म्हणाले तर? मी परत येऊन जागेवर बसले.

क्रॉयडनला काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट आणि पत्र शेजारी शेजारी ठेवलं. मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर नवरा आणि मुलगी बसले होते. मुलीने शाळेचा कार्डिगन घातला होता. "हे नाव जुळत नाही," तो म्हणाला. "चूक कुणाची?" ऑफिसची म्हटलं असतं, तर ऑफिसकडून नवं पत्र आणा, असं त्याने सांगितलं असतं.

"माझी," मी म्हणाले. "ऑफिसचा फॉर्म भरताना मीच चुकीचं लिहिलं."

"आणखी काही चुकीचं भरलंय?"

"नाही," मी म्हणाले. त्याने मला एक कोरा कागद दिला आणि हे लिहून द्यायला सांगितलं. मी लिहिलं. दुपारी तिन्ही पासपोर्टांवर शिक्के मिळाले. ट्रेनमध्ये नवरा बऱ्याच वर्षांनी मोठ्याने बोलत होता आणि मुलगी त्याला हळू बोल म्हणून सांगत होती. त्यालाही त्या कागदाबद्दल मी बोलले नाही. क्रॉयडनच्या कुठल्यातरी फाइलमध्ये तो अजून असेल. स्वतःच्या बापाचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं हे मला समजलं नाही, असं त्यात माझ्या हस्ताक्षरात, माझ्या सहीनिशी लिहिलेलं आहे.