साखरपुड्याची सूर्यफुलं

आई पवनानगरहून माझ्याकडे लोणावळ्याला आली होती ती मानेवरच्या गाठीसाठी. तळेगावच्या एका दवाखान्यात सुई घालून तपासणी झाली होती, रिपोर्ट यायचा होता. माझे यजमान तळेगावजवळच, नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात कामाला. पहिली पाळी सुटली की ते रिपोर्ट घेणार आणि तिथूनच फोन करणार, असं ठरलं होतं.

नेमकी त्याच दिवशी माझी ऑर्डर. मी घरी कुकीजचे बुके करते. फुलाच्या आकारात पीठ कापायचं, भाजण्याआधीच त्यात काडी खोचायची, गार झाल्यावर वरून रंगीत साखरेचं आयसिंग घालायचं आणि ते वाळलं की फुलं कागदात बांधायची. खंडाळ्याच्या एका बंगल्यात साखरपुडा होता, त्यांना सूर्यफुलं हवी होती. संध्याकाळी त्यांचा ड्रायव्हर न्यायला येणार होता.

बाहेर धुकं अगदी खिडकीला टेकलेलं. अशा हवेत आयसिंग वाळतच नाही. पंखा लावला होता, तरी मी सारखी पाकळीला बोट लावून बघत होते. बोटाचा ठसा उमटायचा, मग तो बुजवायला पुन्हा आयसिंगचा कोन हातात घ्यायचा. हात लावला नाही तर लवकर वाळेल हे मला कळत होतं, पण राहवत नव्हतं.

आईचंही तेच. तिने घासलेली भांडी पुन्हा घासली, गॅलरीत जाऊन आली, पडदे सारखे केले, परत गॅलरीत गेली.

"बस की जरा," मी म्हटलं.

"बसून काय करू? हितं मला कामच न्हाई."

मग मी तिच्या हातात चॉकलेटी आयसिंगचा कोन दिला आणि फुलांच्या मधोमध ठिपके द्यायला सांगितलं. तिने इतक्या जोरात दाबला की ठिपक्याऐवजी गोळाच पडला.

"खायाचंच हाय न्हवं? मग एवडं नटवायचं कशापायी?"

"काही जण खातच नाहीत. मोडवत नाही म्हणतात, ठेवून देतात."

"मुंग्या लागतील," असं म्हणून तिने ते बिघडलेलं फूल काडीवरून मोडून खाल्लं. सकाळपासून तिच्या पोटात चहाखेरीज काही नव्हतं. मी पाठ वळवून पिवळा रंग कालवत राहिले.

"गाठ वाईट निघाली तर काय करत्यात गं? मान कापत्यात?"

"तसं काही निघणार नाही."

"तुला काय म्हायती?"

खरंच मला काहीच माहीत नव्हतं. हातातलं फूल जरा जास्त दाबलं गेलं आणि त्याचे दोन तुकडे झाले.

तेवढ्यात फोन वाजला. माझे दोन्ही हात रंगाने बरबटलेले. मी नुसती फोनकडे बघत उभी राहिले. आईनेच तो उचलला आणि कानाला घट्ट लावला. पलीकडचं मला काही ऐकू येईना, फक्त तिचं "व्हय... व्हय... बरं" ऐकू येत होतं. मला तिच्या हातातून फोन हिसकावून घ्यावासा वाटला.

तिने फोन खाली ठेवला. "साधी हाय म्हणत्यात. गोळ्या दिल्यात लिहून." मग लगेच, "आता मी घरी जाऊ का?"

"उद्या जा," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. ती मात्र खुर्चीत बसली आणि चहा मागितला. मी चहा ठेवला, पण साखर घातली का ते आठवेना, म्हणून पुन्हा घातली. आईने तो पाकासारखा चहा मुकाट्याने संपवला.

ड्रायव्हर आला तेव्हाही पाकळ्या किंचित ओल्या होत्या. मी त्याला बजावलं, "दादा, कागद फुलांना चिकटू देऊ नका हं." "एसी लावतो मॅडम," तो म्हणाला आणि बुके सीटवर उभा ठेवून गेला. नंतर बंगल्यातून निरोप आला, फुलं छान होती. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. गाठ साधी निघाली होती, ऑर्डर पोचली होती, आणि मी उगाच घरभर फिरत होते.

दुसऱ्या दिवशी आईला कामशेतला पवनानगरच्या जीपमध्ये बसवून दिलं. घरी आल्यावर मी तिला फोन लावला, लागला नाही. परत लावला. शेवटी एकदाचा तिने उचलला.

"पोचले बाई, पोचले! म्हशीखाली धार काढाय बसलीय. ठेव आता."