कचेरीतून पाच वाजता येणारे वडील

बाई गेल्या त्या सकाळी मी मोबाईल हातात धरून हसत होतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. पूजा आटोपून चहाला बसलो होतो. आमच्या सातवीच्या ग्रुपवर मराठीच्या बाईंनी एक जुना निबंध टाकला होता. आमच्या दिन्याचा. विषय गाय.

"आमच्याकडे गाय नाही. शेजारी आहे. ती स्वभावाने गरीब आहे. शेजारचे काका तसे नाहीत."

मी हसणाऱ्या चार इमोजी टाकल्या.

दहाच्या सुमारास बाईंच्याच नंबरवरून त्यांच्या मुलीचा मेसेज आला. आई गेली. नाश्ता करून खुर्चीत बसली, ती उठलीच नाही.

वर दिन्याची गाय. खाली ती बातमी.

बाई शिवाजी पेठेतून रोज एसटीने आमच्या गावच्या शाळेत यायच्या. आवडलेले निबंध त्या वहीतून कापून घ्यायच्या आणि घरी ट्रंकेत ठेवायच्या. रिटायर झाल्यावर मोबाईल शिकल्या आणि एकेक निबंध बाहेर काढू लागल्या.

पण आधी ज्याचा त्याला खाजगीत विचारायच्या. "टाकू का?" तो हो म्हणाला तरच. आमचे केस पिकले तरी हा नियम कायम.

सगळेच निबंध हसायचे नव्हते.

सुनीताचा होता, मला शाळा का आवडते. पहिलंच वाक्य, "कारण शाळेत बसायला मिळते."

त्या दिवशी ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. संध्याकाळी सुनीतानेच लिहिलं, "बाई, आता स्वतःच्या दुकानात दिवसभर बसूनच असते."

मग बाईंनी मला विचारलं. "तुझा टाकू का?"

"नको बाई."

"का रे?"

"आबा हायत अजून."

"म्हणून तर विचारतेय."

मी लिहिलं, "बघू."

बाईंशी माझा शेवटचा शब्द तो. बघू.

माझा निबंध 'माझे वडील'. गावात एकच गाईड होतं, ते घरोघर फिरायचं. त्यातले वडील संध्याकाळी पाच वाजता कचेरीतून घरी येत आणि चष्मा लावून पेपर वाचत.

बाईंनी चौदा वह्या बाजूला काढल्या.

"गावात कचेरी एक. तिथं तलाठी येणार आठवड्यातून एकदा. मग तुमचे चौदा वडील बसतात कुठं रे?"

वर्ग फुटला. मीही हसलो.

सुट्टीत त्यांनी मला एकट्याला थांबवलं. माझ्या वहीत एकाच वाक्याखाली लाल रेघ होती.

"माझ्या वडिलांचे हात मऊ आहेत."

"हे गाईडात नाही," बाई म्हणाल्या. "हे तू घातलंस."

मी मान खाली घातली.

माझे वडील, म्हणजे आबा, गुळव्या होते. गुऱ्हाळात उसाचा रस उकळत असतो, तो गूळ व्हायला आला की नाही हे ओळखणारा माणूस. बोटं पाण्यात बुडवायची, उकळता पाक चिमटीत उचलायचा, गोळी वळते का बघायची. हंगामभर हेच. हाताला चटक्यांचे डाग, बोटं चामड्यासारखी. दोस्तांसमोर त्यांनी माझा हात धरला की मी सोडवून घ्यायचो.

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाई सरळ गुऱ्हाळावर आल्या. आबा गडबडले.

"बाई, पोरानं काय क्येलं?"

"काही नाही हो. गूळ कसा होतो ते बघायचंय."

दोन तास त्या धगीजवळ उभ्या होत्या. रसावरची मळी कधी काढता, ती वर आणायला भेंडीचा चीक कसा घालता, सगळं विचारत होत्या. वाटीभर काकवी मागून घेऊन खाल्ली. माझ्या निबंधाबद्दल आबांना एक अक्षर बोलल्या नाहीत.

जाताना मला म्हणाल्या, "सोमवारी परत लिहून आण. हे वडील."

मी चार पानं लिहिली. बाईंनी ती वर्गात मोठ्याने वाचली. त्यानंतर मी आबांचा हात कधी सोडवून घेतला नाही.

माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं, त्यातलं बरंचसं त्या सोमवारपासून सुरू झालं असं मी मानतो. देवापुढे हात जोडताना बाईंची आठवण येते, ती म्हणूनच.

तेराव्याला बाईंच्या मुलीने एक पाकीट दिलं. वर माझं नाव. आत दोन्ही निबंध एकाच टाचणीला लावलेले, आणि बाईंच्या अक्षरात दोन शब्द.

"आधी आबा."

ते पाकीट वर्षभर देवघरात पडून होतं. रोज दिवा लावताना दिसायचं. ऐंशीच्या माणसाला हे कसं वाचून दाखवायचं?

आज बाईंचं वर्षश्राद्ध.

सकाळी पूजा झाली, पाकीट खिशात घातलं आणि बिद्रीच्या अलीकडं आमच्या गावी गेलो. आबा अंगणात उन्हाला बसले होते. त्यांना दोन्ही निबंध वाचून दाखवले. आधी खोटा, मग खरा. बाईंना ते ग्रुपवर टाकायचे होते, तेही सांगितलं.

आबा म्हणाले, "भेंडी आधी घालायची, मग मळी काढायची. तू उलटं लिवलंयस."

"व्हय आबा."

"बाईंनी बी न्हाय धरलं व्हय ते? दोन तास तर हुब्या व्हत्या की."

मग त्यांनी हात पुढं केला.

"धर बघू."

मी धरला. गुऱ्हाळ सोडून त्यांना बारा वर्षं झाली. डाग आहेत, पण कातडी सैल पडलीय, पातळ झालीय.

"मऊ हाय की न्हाय?"

मी मान हलवली, हात सोडला नाही.

"खोटं न्हाय लिवलंस लेका. जरा लौकर लिवलंस, एवढंच. टाक जा."

दोन्ही निबंध ग्रुपवर टाकले, फोटो इथंही खाली आहेत. भेंडीची चूक तशीच ठेवलीय.

बाई, टाकला.

तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार.