तांब्याचा गडू आणि आठ गोगलगायी

तेव्हा मी अवघी बासष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. आत्मविश्वास मात्र रग्गड.

कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ह्यांची माशांची टाकी होती. चार गोल्डफिश. त्यातला फाटक्या शेपटीचा ह्यांच्या बोटाजवळ येऊन तोंड उघडायचा. निवृत्तीनंतर हे माझ्यापेक्षा त्याच्याशीच जास्त बोलायचे. तोही माझ्यापेक्षा जास्त ऐकून घ्यायचा, हे खरं.

हृदयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात जाण्याआधी ह्यांनी टाकीत एक नवं रोप लावलं. "मी येईपर्यंत वाढेल," म्हणाले. आठवड्याने बघते तर काचेवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या आठ गोगलगायी. रोपाबरोबर अंडी आली असणार. मला मात्र वाटलं, नवरा दवाखान्यात आणि बाईने घर घाण ठेवलं, असं जग म्हणेल. जग म्हणजे समोरच्या वहिनी.

आमच्याकडे पित्तापासून मुरमांपर्यंत एकच औषध, तांब्यातलं पाणी. तांबं जंतू मारतं, मग गोगलगाय काय मोठी लागून गेली, असा शास्त्रीय विचार करून मी देवघरातला गडू चिंचेने लखलखीत घासला आणि टाकीच्या तळाशी ठेवून दिला. दुसऱ्या सकाळी गोगलगायी गळून पडल्या होत्या. मासे जरा सुस्त वाटले, पण मी बघते कशाला. डबा घेऊन निघाले ती पराक्रम सांगायलाच.

"मासे कसे आहेत?" ह्यांनी विचारलं.

"मजेत. तुमच्या रोपातून गोगलगायी निघाल्या होत्या, लावली त्यांची वाट."

ह्यांचा घास हातातच राहिला. "अगं, असू द्यायच्या की. शेवाळं खातात बिचाऱ्या. तांब्याचं काही टाकलं नाहीस ना? माशांनाही विष असतं ते."

"छे हो. हातानेच वेचल्या."

"मग बरं. आमच्या आईची सून आहेस, गडू बुचकळशील म्हणून विचारलं."

रिक्षाने घरी आले. तीन मासे उलटे तरंगत होते. फाटक्या शेपटीचा तळाशी गडूला टेकून कल्ले हलवत होता. मी गडू काढला, पाणी बदललं, समोर स्टूल घेऊन बसले. दिवेलागणीला तोही थांबला. चौघांना कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला नेताना ह्यांनी मान वळवली. "तो फाटका जेवला का?"

"जेवला. तुमची वाट बघतोय."

किती सफाईने जमलं मला. हे परत आले नाहीत.

भेटायला येणारे विचारायचे, शेवटी काय बोलले? मी सांगायचे, माशांचं विचारलं. सगळ्यांचे डोळे भरून यायचे. मी काय उत्तर दिलं, ते कुणी विचारलं नाही.

मुलगा म्हणाला, टाकी काढून टाकू. मी म्हटलं, बघू. महिन्याभराने त्या रोपाच्या पानावर मोहरीएवढी एक गोगलगाय दिसली. कुठलं तरी अंडं माझ्या गडूला पुरून उरलं होतं.

आता टाकीभर आहेत. सकाळी काकडीची चकती सोडते, आणि जेवल्याशिवाय टाकीसमोरून उठत नाही. त्या जेवल्याशिवाय. त्यांना घाई नसते, मलाही नाही.

परवा समोरच्या वहिनी डोकावल्या. "हे काय हो, गोगलगायी पाळल्यात?"

"मी कशाला पाळते," मी म्हटलं. "ह्यांनी आणल्यात."