डुबकीचाचांचा अर्ज

डुबकीचाचा बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचे. नवख्या माणसाला वाटायचं, आपलं काही चुकलं की काय. पण चाचांनी फक्त श्वास रोखलेला असायचा. हातात फवारणी पंपाचं नोझल, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. जुनं गिऱ्हाईक मुकाट्यानं थांबायचं. दीडेक मिनिटानं चाचा सावकाश श्वास सोडायचे आणि तुटलेलं वाक्य तिथूनच पुढे उचलायचे, "...तं वायसर बदला लागते, बाकी पंप चांगला हाय."

प्राणहितेकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावात त्यांचं स्टोव्ह, पंप आणि मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. मी चंद्रपूरहून बदली होऊन तिथल्या एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझा स्टोव्ह त्यांच्याकडे गेला. दुकानाच्या मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत खुंट्यांवर जे टांगलं होतं ते बघून मी स्टोव्ह विसरले. काळ्या रबराचे लंबगोल, एकाच काचेचे मास्क. बदकाच्या पायांसारखे जाड रबरी पंजे. तोंडात धरायची वाकडी नळी, तिच्या वरच्या टोकाला छोट्याशा पिंजऱ्यात पिंगपाँगचा चेंडू. पाणी आलं की चेंडू वर तरंगून नळी बंद करायचा. आणि मधोमध, मखरात ठेवावी तशी, पितळेची एक गोल डबी, तिला दोन्ही बाजूंनी खोबणीदार नळ्या. ती दाबून भरलेल्या हवेच्या टाकीवर बसवून माणूस पाण्याखाली श्वास घ्यायचा.

तरुणपणी चाचा विशाखापट्टणमच्या बंदरात पाणबुड्यांचे मदतनीस होते. तिथे शिकले, आणि परत येताना मोडीत निघालेली ही डबी घेऊन आले. पुढे नागपूरच्या, हैदराबादच्या भंगार बाजारात जिथे जुनं रबर दिसेल तिथे ते थांबायचे. घरचे चिडायचे. चाचांचं उत्तर ठरलेलं, "रबर म्हंजे लेकरू हाय. त्याले ऊन लागू द्याचं नाई, तेल लागू द्याचं नाई, अन् रोज हात लावा लागते." दर शुक्रवारी नमाजाहून आले की ते एकेक वस्तू उतरवून पुसायचे, पावडर लावायचे आणि परत टांगायचे.

त्यांच्या सामानात हवा किती उरली हे दाखवणारा काटा नव्हता. श्वास जड जायला लागला की पाठीमागची एक सळई खाली ओढायची, मग वर येण्यापुरती हवा सुटायची. मी म्हटलं, "चाचा, आता नवीन सामान मिळतं ना." ते म्हणाले, "नव्या सामानाले काटा हाय, तो मोजते. माह्या सामानाले काटा नाई, म्हनून मले मोजा लागते. मोजनारा मानूस घाई करत नाई, बाई."

हे सामान शोभेचं नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या विहिरीतला, पंपाच्या नळाच्या तळाचा फुटव्हॉल्व पोत्यांनी तुंबला आणि गावाला चार दिवस पाणी नव्हतं, तेव्हा चाचाच खाली उतरले. नदीत कुणी बुडालं तरी माणसं आधी त्यांच्याकडे धावायची. अशा वेळी चाचा काठावर एकच गोष्ट मागायचे, कापड. कुणाचं उपरणं, कुणाची ओढणी. ते पाण्याखालीच मृताच्या चेहऱ्यावर बांधायचे आणि मगच वर आणायचे. "पान्यातला चेहरा घरच्यायनं पाहू नाई," म्हणायचे. "त्यायले जिवंतपनीचा याद राहू द्या."

एका हिवाळ्यात त्यांनी मलाही पाणी दाखवलं. त्यांची मुलगी नसीम बल्लारपूरहून माहेरी आली होती. आम्ही तिघं नदीवर गेलो. मला पोहता येत नाही. चाचांनी मास्कच्या काचेवर थुंकी चोळली, धुतली, "याच्यानं धुकं नाई धरत," म्हणाले आणि तो माझ्या तोंडावर बसवला. नसीमनं हात धरला. गुडघाभर पाण्यात वाकून मी तोंड आत घातलं. तांबूस गोट्यांवरून बोटभर मासे अंगावर ऊन घेत फिरत होते. रोज पुलावरून ओलांडते ती हीच नदी, यावर माझा विश्वास बसेना. डोकं वर काढलं तर चाचा माझ्याकडे बघून लहान मुलासारखे हसत होते.

त्याच दिवशी परतताना त्यांनी मला काम सांगितलं. टाक्यांची सरकारी तपासणी करून घ्यायची होती आणि बुडालेल्यांना शोधणाऱ्यांच्या यादीत नाव लावायचं होतं. चाचांना उर्दू लिहिता यायचं, कार्यालयाचं मराठी नाही. "तुमच्या हातचा एक अर्ज पायजे, बाई." सामानाची यादी त्यांनी सांगितली, मी एका कागदावर उतरवून घेतली, आणि तो कागद टेबलाच्या खणात ठेवला.

अर्ज लिहायला अर्धा तास लागला असता. मी लिहिला नाही. कारण विचाराल तर काहीच नाही. आधी मार्चअखेर, मग निवडणुकीची कामं, मग नुसताच आळस. चाचा दिसले की विचारायचे, "गेला का अर्ज?" दोनदा मी "लिहिते" म्हणाले. तिसऱ्यांदा लाज वाटली आणि तोंडातून निघालं, "वर पाठवलाय, चाचा." ते खूश झाले. "वर गेला म्हंजे येईन कधीतरी खाली," म्हणाले.

पावसाळ्याच्या तोंडावर नवे साहेब आले. चाचांच्या टाक्या त्यांनी पाहिल्या आणि माझ्याकडून टिपणी मागवली. उपकरणं जुनी आहेत, टाक्यांची तपासणी झालेली नाही, हे मी लिहिलं. ते खरंच होतं. त्याच्याखाली मी लिहिलं, 'सदर इसमाने तपासणी अथवा परवानगीसाठी अर्ज केल्याचे आढळून येत नाही.' हे वाक्य लिहिताना तो कागद माझ्या उजव्या गुडघ्याजवळच्या खणात होता. अर्ज राहिला असं साहेबांना सांगितलं असतं तर फार तर बोलणी बसली असती. चार दिवसांत चाचांना टाकी वापरायला मनाई झाली. आदेश मीच टाईप केला. चाचांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "अर्जाचं उत्तर येईतवर थांबू."

भाद्रपदात चौघांना घेऊन नदी ओलांडणारा डोंगा उलटला. तिघं पोहून निघाले, जंगलातल्या एका गावचा शेतकरी तेवढा सापडला नाही. जिल्ह्याहून पथक आलं. माणसं मेहनती होती, पण नदी त्यांच्या ओळखीची नव्हती. ती प्रवाहाच्या खाली खाली शोधत गेली. चाचा काठावरून सांगत होते, "तिकडं नाई, इथीच हाय. खडकाच्या पोटात." कुणी ऐकलं नाही. पंचनाम्याचे कागद घेऊन मीही तिथेच उभी होते. मीही काही बोलले नाही.

त्या माणसाची बायको दोन दिवस काठावर बसून होती. तिसऱ्या सकाळी ती गोंडीत काहीतरी म्हणाली. चाचांना गोंडी यायची. ते उठले. म्हणाले, "घरी पोरं जेवून नाई राह्यले. बाप दिसल्याबिगर जेवत नाई म्हनतेत." पोलीस आडवा आला, तसे चाचा त्याला म्हणाले, "टाकीले मनाई हाय ना? टाकी नाई नेत. माह्या छातीले तं मनाई नाई?"

मास्क आणि पंजे घालून ते नुसत्या श्वासावर गेले. त्यांना सर्दी होती, आणि सर्दीत खोल गेलं की पाण्याचा सगळा दाब कानांवर येतो. टाकी असती तर एकदाच, सावकाश उतरून काम झालं असतं. टाकीविना ते सात वेळा गेले. सहाव्यांदा वर आले तेव्हा मास्कच्या आत रक्त होतं. त्यांनी ते धुतलं आणि कापड मागितलं. मी माझी ओढणी दिली. सातव्यांदा त्यांनी तिच्या नवऱ्याला आणलं, चेहऱ्यावर माझी ओढणी बांधून.

चाचांचे कान त्या दिवशी गेले. उजवा बंदरातल्या दिवसांपासूनच अधू होता, डावा कायमचा फुटला. चालताना तोल जायला लागला. नदी सुटली, मग दुकानही सुटल्यात जमा झालं. मी खणातला तो यादीचा कागद घरी आणला, दहा वेळा वाचला. शेवटी एका बाजाराच्या दिवशी ते मोहफुलं विकणाऱ्या बायांपाशी उभे दिसले, तेव्हा मनाचा हिय्या करून जवळ गेले.

"चाचा, तुमचा अर्ज मी लिहिलाच नव्हता. पाठवलाच नव्हता."

त्यांनी कानामागे हात धरला. "जोरानं बोला, बाई. आयकू नाई येत."

चार बाया आमच्याकडे बघायला लागल्या. कार्यालयातला शिपाई पलीकडे भाजी घेत होता. मी मोठ्यानं म्हणाले, "तब्येत कशी आहे?"

"एकदम मस्त!" चाचा म्हणाले. "अन् अर्ज? आला का खाली?"

मी मान हलवली. नाही.

थंडीत नसीम त्यांना बल्लारपूरला घेऊन गेली. तिथेच ते वारले. मला आठ दिवसांनी कळलं. मी तिला फोन केला आणि या वेळी सगळं सांगितलं. खण, कागद, टिपणीतलं वाक्य, काही गाळलं नाही.

मग तिनं विचारलं, "अब्बाले सांगितलं होतं का हे?"

"नाही."

"तं मंग आता मले काऊन सांगून राह्यल्या, बाई?"